सॉफ्टबॉल: मुलांचा बॅटिंगचा फॉर्म गेला तर – पालक आणि शालेय प्रशिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हास्तराच्या शालेय स्पर्धा जवळ आल्या की मैदानावर एक तक्रार हमखास ऐकू येते: “गेल्या महिन्यापर्यंत छान मारत होती, आता बॅटच लागत नाही.” पुढची उत्तरं साधारण ११ ते १७ वयाच्या, फास्टपिच (खालच्या हाताने वेगवान चेंडू टाकला जाणारा सॉफ्टबॉल) खेळणाऱ्या मुला-मुलींसाठी आहेत. उदाहरणांत उजव्या हाताने बॅटिंग करणारी खेळाडू धरली आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट्या घ्याव्यात.

फॉर्म खरंच गेलाय की दोन-चार सामने वाईट गेलेत, हे कसं ओळखायचं?

आधी थोडं गणित करू. दहा वेळा बॅटिंगला आल्यावर तीन हिट (सुखरूप बेस गाठून देणारे फटके) काढणारी खेळाडू शालेय पातळीवर चांगली मानली जाते. तिचं काहीही बिघडलेलं नसलं, तरी ठरवलेल्या सहा प्रयत्नांत एकही हिट न मिळण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. सलग नऊ प्रयत्न रिकामे जाण्याची शक्यता ४ टक्के. एका स्पर्धेत तिला जेमतेम आठ-दहा वेळा बॅट मिळते, त्यामुळे एक अख्खी स्पर्धा कोरडी जाणं हे नुसत्या नशिबानेही होतं. तेवढ्यावरून स्विंग बदलायला घेतला, की नसलेला आजार खरोखर सुरू होतो.

खऱ्या बिघाडाची लक्षणं निराळी असतात. आधी जे चेंडू सहज लागत होते त्यांवर बॅट हवेत फिरते. उभ्या उभ्या तिसरा स्ट्राईक (मारण्याजोगा असून सोडलेला किंवा हुकलेला चेंडू; तीन झाले की आउट) जाऊ देण्याचं प्रमाण वाढतं. लागलेला चेंडूही मऊ येतो, आवाज बोदा येतो. याउलट ती शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) हातात कडक लाइन ड्राइव्ह (सरळ, सपाट फटका) मारून आउट होत असेल, तर तिला फक्त एवढंच सांगा की फटका बरोबर होता. दुसरं काही करू नका.

आउट कशी होते याची नोंद कशी ठेवायची?

स्कोअरशीट पुरत नाही. तिथे फक्त निकाल असतो, कारण नसतं. एक छोटी वही करा आणि प्रत्येक बॅटिंगमागे चार गोष्टी लिहा: त्या वेळचा काउंट (किती बॉल, म्हणजे मारण्याजोग्या पट्ट्याबाहेरचे सोडलेले चेंडू, आणि किती स्ट्राईक), चेंडू कुठे होता (आत, बाहेर, वर, खाली), वेगवान होता की चेंज-अप (फसवा मंद चेंडू), आणि लागून कुठे गेला. दहा-बारा नोंदी झाल्या की वही बोलायला लागते.

फाउल (रेषेबाहेर गेलेले फटके) पहिल्या बेसच्या, म्हणजे उजव्या बाजूला जात असतील तर बॅट उशिरा येते आहे. तिसऱ्या बेसच्या बाजूला जात असतील तर घाई होते आहे. कॅचरच्या डोक्यावरून मागे उडत असतील, तर वेळ बरीचशी बरोबर आहे, फक्त बॅट चेंडूच्या खालून जाते आहे. तिसऱ्या बेसकडे आणि शॉर्टस्टॉपकडे घरंगळत जाणारे मेलेले ग्राउंडर म्हणजे बहुतेक वेळा घाईने मनगट आधी वळलं. आणि सगळे स्ट्राईक आउट पहिल्या दोन स्ट्राईकवर बॅट न उचलता झालेले असतील, तर दोष हातांचा नाही. ती ठरवायला घाबरते आहे.

या वहीशिवाय सल्ला देणं म्हणजे अंदाजपंचे. मैदानावर तिला दररोज पाच जण पाच सल्ले देतात: कोपर वर घे, गुडघे वाक, डोकं खाली ठेव. प्रत्येक सल्ला कुणासाठी तरी बरोबर असतो, पण तिच्यासाठी कोणता, हे वहीच सांगते.

सगळ्यात आधी काय तपासावं?

वेळ. स्विंग नंतर.

महिलांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पिचिंगचं अंतर १३.११ मीटर आहे (पुरुषांसाठी १४.०२). पिचर लांब पाऊल टाकून पुढे येते, म्हणून चेंडू प्रत्यक्षात सव्वाअकरा मीटरच्या आसपासून सुटतो. ताशी ८० किलोमीटरचा चेंडू तिथून होमप्लेटपर्यंत (बॅटरसमोरच्या पांढऱ्या पाटीपर्यंत) यायला सुमारे अर्धा सेकंद लागतो आणि ६५ चा चेंडू यायला ०.६२ सेकंद. बॅट फिरायलाच ०.१५ ते ०.२ सेकंद जातात. उरलेल्या वेळात बघायचं, ओळखायचं आणि ठरवायचं. ८० च्या वेगाने येणारा चेंडू सेकंदाच्या शंभराव्या भागात २२ सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे होमप्लेटच्या निम्म्या रुंदीइतका. स्विंग आदर्श असला तरी दोन-तीन शतांश सेकंद इकडचे तिकडे झाले की चेंडू चुकतो. म्हणूनच कालपर्यंत मारणारी मुलगी अचानक मारेनाशी झाली, तर पहिला संशय वेळेवर घ्यायचा. स्विंग सहसा एका आठवड्यात बिघडत नाही, वेळ मात्र बिघडते. बऱ्याचदा कारण साधं असतं: तालुक्याच्या सामन्यांत मंद पिचर होत्या, आता जिल्ह्याला वेगवान आल्या.

वेळ पिचरच्या हाताशी जोडायची असते. पिचरचा हात गोल फिरताना डोक्यावर पोचला की बॅटिंग करणारीचं वजन मागच्या पायावर गेलेलं हवं. हात खाली येऊन चेंडू मांडीजवळून सुटतो, त्या सुमारास पुढचं पाऊल टेकण्याच्या बेतात हवं. पाऊल छोटं असावं, १० ते १५ सेंटिमीटर, आणि अलगद टेकावं. चेंडू अर्ध्यावर आल्यावर पाऊल उचलणारी मुलगी वेगवान पिचरसमोर कायम उशिरा राहणार, मग तिचे हात कितीही चपळ असोत.

तपासण्यासाठी तिला बॅट देऊन प्लेटजवळ उभं करा, पिचरला खरे चेंडू टाकू द्या, पण स्विंग करू देऊ नका. डोक्यावर हेल्मेट हवंच. तिने फक्त वजन मागे न्यायचं, पाऊल टेकायचं आणि चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत नजरेने सोबत करायची. वीस चेंडू. प्रत्येक वेळी “बॉल” की “स्ट्राईक” हे तिने मोठ्याने सांगायचं, चेंडू ग्लोव्हमध्ये पोचण्याआधी. मागून कॅचर खरं-खोटं करेल. वीसपैकी १५–१६ बरोबर आले तर नजर ठीक आहे. बारा-तेराच आले, तर पुढचे दोन दिवस बॅट फिरवणं कमी करून हाच सराव वाढवा. फॉर्म परत आणायला याहून उपयोगी आणि याहून दुर्लक्षित सराव नाही.

ती आधी क्रिकेट खेळायची. त्याचा काही संबंध असेल का?

असू शकतो, आणि आपल्याकडे ही बाब नीट तपासलीच पाहिजे. महाराष्ट्रातल्या कित्येक शाळांत सॉफ्टबॉलचा संघ क्रिकेट खेळणाऱ्या मुलांतूनच उभा राहतो. हात-डोळ्यांचा मेळ तयार मिळतो, पण काही सवयीही सोबत येतात. दबाव आला की शरीर जुन्या सवयीकडे पळतं, त्यामुळे सरावात न दिसणारं क्रिकेट सामन्यात दिसायला लागतं.

पहिली सवय म्हणजे पुढच्या पायावर झुकणं. क्रिकेटमध्ये चेंडूच्या टप्प्याजवळ जायचं असतं. इथे टप्पा नाही. शरीर पुढे झुकलं की डोळे पुढे-खाली सरकतात, चेंडू आहे त्याहून वेगवान भासतो आणि चेंज-अपवर तोल जातो. डोकं जिथे होतं तिथेच, दोन्ही पायांच्या मध्ये राहायला हवं आणि वळायची ती कंबर.

दुसरी सवय सरळ बॅटची. सरळ बॅटने खालचा चेंडू लागतो, पण छातीजवळचा चेंडू, विशेषतः शेवटी वर चढल्यासारखा वाटणारा राइजबॉल, बॅटवरून निघून जातो. सॉफ्टबॉलमध्ये बॅट चेंडूच्या मार्गाला समांतर जितका वेळ राहील, तितकी वेळेतली छोटी चूक खपते. तिसरी सवय पकडीची. क्रिकेटची बॅट तळहातात खोल धरतात. इथे बॅट बोटांच्या मुळाशी, सैल धरायची आणि दोन्ही हात एकमेकांना चिकटलेले ठेवायचे. पकड घट्ट असली की मनगट आणि खांदा आखडतो. बॉक्समध्ये (बॅटरने उभं राहायच्या आखलेल्या चौकटीत) उभं राहिल्यावर बोटं एक-दोनदा हलवून बघायला सांगा. हलत नसतील तर पकड जास्त घट्ट आहे.

ज्या आठवड्यात फॉर्म परत आणायचा आहे, त्या आठवड्यात गल्लीतलं टेनिस बॉल क्रिकेट बंद ठेवलेलं बरं. कायमचं सोडायची गरज नाही.

टीवर सुंदर मारते, सामन्यात मात्र नाही. असं का?

टी म्हणजे चेंडू ठेवायचा उभा दांडा. टीवरचा चेंडू थांबलेला असतो, त्यामुळे टीवर फक्त बॅटचा मार्ग सुधारतो, वेळ सुधारत नाही. वेळ बिघडलेल्या मुलीला रोज शंभर चेंडू टीवर मारायला लावले, तर ती टीवर आणखी छान मारेल, एवढंच.

शिवाय टी बहुतेक ठिकाणी चुकीच्या जागी ठेवलेला असतो. तो प्लेटच्या मध्यभागी ठेवून मुलगी त्याच्या समोरासमोर उभी राहते, आणि चेंडू पोटासमोर मारायची सवय लागते. मधल्या चेंडूसाठी टी पुढच्या पायाच्या रेषेत हवा, आतल्या चेंडूसाठी त्याहून २०–२५ सेंटिमीटर पिचरकडे आणि बाहेरच्या चेंडूसाठी साधारण तितकाच मागे. आतला चेंडू डावीकडे, मधला सरळ, बाहेरचा उजवीकडे जायला हवा.

टीनंतरची पायरी म्हणजे समोरून खालच्या हाताने हलके टाकलेले चेंडू, पाच-सहा मीटरवरून. टाकणाऱ्यासमोर जाळीची चौकट असलीच पाहिजे. ती नसेल तर खरे चेंडू वापरू नका, प्लास्टिकचे भोकांचे किंवा जुन्या मोज्यात चिंध्या घट्ट बांधून केलेले चेंडू घ्या. त्यानंतर आठ-नऊ मीटरवरून पूर्ण हात फिरवून टाकलेले चेंडू, आणि शेवटी पूर्ण अंतरावरून पिचर. फॉर्म गेलेल्या मुलीला पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर नेलं जातं आणि मधल्या दोन राहून जातात. तिची वेळ नेमकी तिथेच जुळणार असते.

शाळेत टी नसेल तर करून घेता येतो. सव्वा इंची पीव्हीसी पाईप, साधारण ६५ सेंटिमीटर उंच, खाली सिमेंट भरलेला पत्र्याचा डबा आणि वर दुचाकीच्या ट्यूबचा तुकडा. पाईप थेट डब्यात रोवण्याऐवजी एक आखूड, जाड पाईप रोवून त्यात हा सरकता ठेवला, तर उंचीही बदलता येते.

स्विंगमधला दोष सापडलाच तर कोणता सराव द्यायचा?

चार दोष वारंवार दिसतात. एका वेळी एकच घ्यावा.

पुढचा पाय तिसऱ्या बेसकडे उघडतो: यामागे बहुतेकदा भीती असते. कधीतरी चेंडू अंगावर बसलेला असतो आणि तिने ते घरी सांगितलेलंही नसतं. “घाबरू नकोस” म्हणून भीती जात नाही. चुकवायचं कसं हे शिकवलं की जाते. मऊ चेंडू मुद्दाम अंगाच्या रोखाने हलके टाका आणि तिला कॅचरच्या दिशेने आत वळायला शिकवा: हनुवटी छातीशी, पाठ चेंडूकडे, बॅट खाली. दहा चेंडूंत शरीराला खात्री पटते की सुटका करून घेता येते. मग पायासाठी बॉक्समध्ये पिचरच्या दिशेने फक्कीची सरळ रेषा मारा आणि पाऊल रेषेवर पडलं की नाही हे दर स्विंगनंतर तिलाच बघू द्या. हेल्मेटला तोंडाची जाळी असेल तर धीर आणखी वाढतो.

मागचा खांदा पडतो: चेंडू हवेत उंच उडून झेल जातात. टी छातीच्या उंचीवर लावा आणि समोरच्या जाळीत खांद्याएवढ्या उंचीवर बांधलेल्या फडक्यावर मारायला सांगा. खांदा पडला तर बॅट टीच्या रबरावर आदळते. वेगळं सांगावं लागत नाही.

हात आधीच शरीरापासून लांब जातात: बॅट मोठा फेरा घेते, उशीर होतो आणि आतला चेंडू मुठीजवळ लागतो. बॅटचं एक टोक पोटाशी आणि दुसरं लोंबत्या जाळीला टेकेल इतक्या अंतरावर जाळीसमोर उभं करा. आता जाळीला न लागता सावकाश स्विंग करायचा. भिंतीसमोर हा सराव करू नका, बॅट आणि मनगट दोन्ही दुखावतात.

डोकं आधी वळतं: चेंडू कुठे गेला हे बघायची घाई. स्विंग सुरू होताना हनुवटी पुढच्या खांद्याजवळ आणि संपताना मागच्या खांद्याजवळ असावी. डोकं तिथेच राहतं, खांदे त्याच्या खालून फिरतात. चेंडूंवर मार्करने मोठे लाल-निळे ठिपके काढा आणि हलक्या टाकलेल्या चेंडूवर रंग ओरडत मारायला सांगा.

एका आठवड्यात किती सराव द्यावा?

लोक समजतात त्याहून कमी. थकलेल्या हातांनी मारलेले दोनशे चेंडू दोष पक्का करतात. आठ चेंडूंचा एक संच, मग दीड-दोन मिनिटं विश्रांती, असे दिवसाला सहा ते आठ संच पुरे.

पहिल्या दिवशी बॅट फिरवायचीच नाही: वहीतल्या नोंदी बघणं आणि वर सांगितलेले वीस-वीस चेंडू दोनदा नजरेने पकडणं. दुसऱ्या दिवशी टीवर तीन संच, समोरून हलके चार संच, आणि शेवटी दहा बंट (बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ टेकवणं). तिसऱ्या दिवशी आठ-नऊ मीटरवरून पाच संच. मधूनच, न सांगता, एखादा चेंडू अगदी मंद टाका. चौथा दिवस पूर्ण सुटी. पाचव्या दिवशी खऱ्या पिचरसमोर काउंट लावून बॅटिंग: ०-०, १-१ आणि ०-२ पासून प्रत्येकी तीन-तीन वेळा. सहाव्या दिवशी संघांतर्गत सामना. सातव्या दिवशी फक्त दोन संच, तेही तिला आवडणाऱ्या जागच्या चेंडूंवर, आणि घरी.

पावसाळ्यात मैदान ओलं असेल तर बॉक्समधली माती आधी भरून दाबून घ्या. मागचा पाय घसरत असेल तर कंबर वळतच नाही, आणि तो दोष स्विंगचा समजून आठवडे वाया जातात. भिजून जड झालेले चेंडू सरावातून बाजूला काढा.

बॅट बदलावी का?

आधी तपासा. नियमाप्रमाणे बॅट जास्तीत जास्त ३४ इंच लांब आणि ३८ औंस, म्हणजे सुमारे १०७७ ग्रॅम वजनाची असू शकते. पण ही वरची मर्यादा आहे. १२ ते १४ वयाच्या मुलीला साधारण ३० ते ३२ इंच आणि ५१० ते ६२५ ग्रॅमची बॅट झेपते. शाळेच्या किटमध्ये अनेकदा ३३–३४ इंची एक-दोनच बॅट असतात आणि सगळा संघ त्यांवर खेळतो. बॅट मुठीशी धरून डावा हात बाजूला खांद्याच्या रेषेत सरळ करायला सांगा. २० सेकंदांच्या आत हात थरथरला किंवा खाली आला, तर ती बॅट तिला जड आहे. दुसरी मिळत नसेल तर हात दोन-तीन सेंटिमीटर वर सरकवून धरावी. यात कमीपणा काही नाही. बॅट हलकी लागते आणि लवकर येते.

जुन्या बॅटवर नखाने हळूच टकटक करत फिरवा. एखाद्या जागी आवाज बोदा झाला, आत काही खुळखुळलं किंवा बारीक चीर दिसली, तर बॅट बाद करा. बोदा आवाज खेळाडूच्या स्विंगचा नव्हताच, असंही निघतं.

वेगवान पिचर आली की थिजते, आणि चेंज-अपवर आधीच फिरवून मोकळी होते. दोन्ही कसं सुधारायचं?

८० आणि ६० किलोमीटर वेगाच्या चेंडूंत प्लेटवर पोचण्याचा फरक सुमारे ०.१७ सेकंदाचा असतो. दोन्हींसाठी एकाच वेळी तयार राहता येत नाही. तयारी वेगवान चेंडूची ठेवायची आणि मंद चेंडूवर हात मागे राखायचे. पाऊल टेकलं तरी हात मागेच राहिले, तर थांबायला जागा उरते. पाऊल आणि हात एकत्र पुढे गेले की संपलं. सरावात पाऊल टेकल्यावर “एक” म्हणून क्षणभर थांबून मग मारायला लावा. तीन संच. कृत्रिम वाटेल, पण हात आणि पाय वेगळे व्हायला हाच मार्ग आहे.

फार वेगवान पिचरसमोर बॉक्समध्ये मागे उभं राहावं. बॉक्स २.१३ मीटर लांब असतो, त्यामुळे अर्धा मीटर मागे सरकलं तरी थोडा वेळ हाती लागतो. चेंडू खाली पडवणाऱ्या पिचरसमोर उलट पुढे सरकावं, म्हणजे तो पडण्याआधी मारता येतो.

डोळे तपासायची गरज असते का?

हो, आणि लवकर. वर्गात फळ्याजवळ बसायला लागली असेल, टीव्ही बघताना डोळे बारीक करत असेल, संध्याकाळच्या सामन्यांतच चुकत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे न्या. वाढत्या वयात चष्म्याचा नंबर काही महिन्यांत बदलतो आणि मुलांना ते स्वतःहून कळत नाही.

एक तपासणी मैदानावरच होते. बॅट घेऊन नेहमीसारखी उभी राहिल्यावर तिला पुढचा, म्हणजे डावा डोळा मिटायला सांगा. पिचर नाकाआड अर्धी झाकली गेली, तर ती आतापर्यंत एकाच डोळ्याने नीट बघत होती. डोकं पिचरकडे आणखी वळवा, किंवा पुढचा पाय थोडा उघडा ठेवून उभी करा.

खाणं, झोप, पाळी यांचा खरंच परिणाम होतो?

होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. धाप लागणं, शेवटच्या इनिंगमध्ये हात जड होणं, लक्ष न लागणं ही त्याची लक्षणं मैदानावर आळस म्हणून मोजली जातात. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार घ्या. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतरचा चहा बंद करा, त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. पाळीच्या दिवसांत त्रास होत असेल तर मुलीने ते प्रशिक्षकांना सांगता येईल, असं वातावरण हवं. सर असोत की मॅडम, जबाबदारी त्यांची आहे.

१३ ते १८ वयात आठ ते दहा तास झोप लागते. सकाळी सहाचा सराव आणि रात्री अकरापर्यंत क्लासचा अभ्यास, यात ती बसत नाही. शिवाय वर्षभरात सहा-आठ सेंटिमीटर उंची वाढलेल्या मुलीचे हात-पाय तिला स्वतःलाच नवे असतात. तिचा तोल आणि वेळ काही आठवडे हलणारच. तिला हे मोकळेपणाने सांगा, निम्मी काळजी तिथेच मिटते.

डोक्याला चेंडू लागल्यानंतर बॅटिंग बिघडली असेल, तर सराव थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

बॉक्समध्ये उभं राहिल्यावर तिने काय विचार करावा?

कमीत कमी. “कोपर, गुडघा, डोकं” असं मनात म्हणणारी मुलगी चेंडू उशिरा बघते. तांत्रिक विचार सरावाला, सामन्यात फक्त चेंडू. त्यासाठी प्रत्येक चेंडूआधीचा एक ठरावीक क्रम लावून द्या: बॉक्सबाहेर एक पाय, बॅटवरच्या छापील अक्षराकडे नजर, एक लांब श्वास सोडणं, मग आत, आणि नजर पिचरच्या मांडीजवळच्या त्या जागेवर जिथून चेंडू सुटतो. एवढंच, पण दरवेळी तेच.

दोन स्ट्राईक होईपर्यंत तिने एकच जागा निवडावी, जिथे तिला मारायला आवडतं, आणि तिथला चेंडू आला तर न कचरता मारावा. बाकी सोडावेत. दोन स्ट्राईकनंतर हात थोडे वर सरकवायचे, प्लेटच्या जवळ उभं राहायचं आणि स्ट्राईकच्या जवळपासचं सगळं मारायचं.

बंट करून फॉर्म परत येतो का?

मदत होते. बंट करताना चेंडू बॅटवर येईपर्यंत बघावाच लागतो. सरावात प्रत्येक संचाआधी दोन बंट ठेवा. सामन्यात मात्र दोन स्ट्राईक असताना केलेला बंट फाउल गेला तर बॅटर आउट असते, हे लक्षात असू द्या. आणि फॉर्म गेलाय म्हणून धावत जाऊन मारण्यासाठी डाव्या बाजूला उभं करण्याचा प्रयोग आत्ता नको. ते वेगळं कौशल्य आहे आणि त्याला मोकळे महिने लागतात.

मोबाईलवर व्हिडिओ कसा काढावा?

तिच्या छातीच्या बाजूने, काटकोनात, पाच मीटरवरून, कमरेच्या उंचीवर, जाळीमागून. फोनमध्ये सेकंदाला १२० चित्रं घेणारा संथगती पर्याय असेल तर उत्तम. तीन क्षण बघा: पिचरचा हात वर असताना वजन कुठे आहे, पाऊल टेकताना हात कुठे आहेत, चेंडू लागताना डोकं कुठे आहे. जमलं तर जुन्या, चांगल्या दिवसांतला व्हिडिओ शेजारी लावा. परदेशी खेळाडूच्या स्विंगशी तुलना करण्यापेक्षा तिच्या स्वतःच्या स्विंगशी केलेली तुलना जास्त सांगून जाते.

सामन्यानंतर आई-वडिलांनी काय बोलावं?

घरी जाताना गाडीवर बॅटिंगचा विषय काढू नये. ती स्वतः काढेल तर ऐकावं. “काही खाणार का?” हा त्या वेळचा योग्य प्रश्न आहे. विश्लेषण दुसऱ्या दिवशी, आणि तेही प्रशिक्षकांनी. प्रेक्षकांतून ओरडून सांगितलेली सूचना तिच्या कानात पिचरचा हात वर असतानाच पोचते, तेव्हा ती कितीही बरोबर असली तरी घातकच ठरते.

आपल्याकडे या खेळावर बरंच काही टांगलेलं असतं: दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. पालकांना ते दिसणं स्वाभाविक आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीला प्रत्येक स्ट्राईकमागे नोकरी दिसायला लागली, तर तिचे हात सैल राहणार नाहीत. हिशोब करायचाच तर हिटऐवजी चांगल्या बॅटिंगचा करा: कडक लागलेला चेंडू, मिळवलेला वॉक (चार बॉल झाल्यावर मिळणारा पहिला बेस), सहाहून जास्त चेंडू खेळणं, धावपटूला पुढच्या बेसवर नेणं. या गोष्टी तिच्या हातात असतात, हिट पूर्णपणे नसते.

आणि हे तिला जरूर सांगा: २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा बलाढ्य संघ जपान, चीन आणि ऑस्ट्रेलियाकडून सलग तीन सामने हरला. जगातल्या सर्वोत्तम बॅटरना धावा सापडत नव्हत्या. त्याच संघाने त्याच स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं.

निवड चाचणी आठ दिवसांवर आहे. आता काय?

स्विंगला हात लावू नका. आठ दिवसांत नवा स्विंग बसत नाही, जुना मात्र मोडतो. नजरेचा सराव, पाऊल वेळेवर टेकणं आणि बॉक्सबाहेरचा क्रम, एवढ्यावरच काम करा. सोबत फिल्डिंग, थ्रो आणि बेसवरची धाव पक्की करा. निवड समिती फक्त हिट मोजत नाही.

तोपर्यंत तिला संघाबाहेर बसवावं का?

एक सामना विश्रांती देणं ठीक, आणि ते कारण सांगून. पूर्ण बाहेर बसवू नका. बॅटिंगच्या क्रमात तिसऱ्या-चौथ्यावरून सातव्या-आठव्यावर आणा, तिची फिल्डिंगची जागा तीच ठेवा. बदल सगळ्यांसमोर जाहीर करण्याआधी तिला बाजूला घेऊन सांगा, आणि पुन्हा वर आणायचं कशावर ठरेल तेही सांगा: सलग दोन सामन्यांत वहीत चार चांगल्या बॅटिंगची नोंद झाली, की आधीची जागा परत.